सर्वांत थोर क्वार्टरबॅक कोण ? — एका वादाचा अभ्यास

खेळाची आवड असलेलीं चार माणसें एकत्र जमलीं कीं, त्या खेळांत आजवर सर्वांत थोर कोण होऊन गेला, हा प्रश्न निघाल्यावांचून सहसा राहत नाहीं. अमेरिकेंत हा प्रश्न तेथील फुटबॉलमधील 'क्वार्टरबॅक' नांवाच्या गड्याविषयीं फार हिरिरीनें विचारला जातो. बाप आपल्या तरुणपणच्या गड्याचें नांव घेतो, मुलगा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेल्याचें घेतो, आणि तासभर बोलून झाल्यावर दोघेहि आपापल्या जागींच उभे असतात. आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थीहि अलीकडे हा खेळ पडद्यावर पाहूं लागले असून, मधल्या सुटींत 'ब्रेडी मोठा कीं महोम्स मोठा' असा कलह आमच्या कानीं येतो. या कलहांत आवाज पुष्कळ असतो, पुरावा मात्र बेताचाच असतो. वाद करूं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. वाद अवश्य करावा. परंतु तो कोणत्या मुद्द्यावर चालला आहे, कोणती कसोटी लावली आहे आणि ती कसोटी न्याय्य आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. या लेखांत हाच एक प्रश्न घेऊन आम्ही तो पायरीपायरीनें सोडवून पाहणार आहों.

खेळ आणि त्यांतील हा गडी

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. अमेरिकन लोक ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा, पायांनीं खेळावयाचा फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू दोहों टोकांस निमुळता असतो, आणि तो बहुधा हातांत धरून पळवितात किंवा हातानें फेकतात. मैदान १०० यार्ड लांब असून त्याच्या दोन्ही टोकांस १० यार्डांचा एकेक पट्टा असतो. प्रत्येक बाजूस ११ गडी असतात. ज्या संघाच्या हातीं चेंडू असेल त्यास ४ प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढें सरकावें लागतें. तितकें साधलें तर पुन्हां ४ प्रयत्न मिळतात; न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यांत पोहोंचलें, किंवा तेथें तो झेलला, म्हणजे 'टचडाउन' होऊन ६ गुण मिळतात. उभ्या खांबांमधून चेंडू लाथेनें पार केल्यास ३ गुण मिळतात.

प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं फळीच्या मध्यावरचा गडी आपल्या दोन पायांमधून चेंडू मागें देतो. तो घेणारा गडी म्हणजे क्वार्टरबॅक. त्या क्षणापासून त्याच्या हातीं बहुधा तीन-चार सेकंदच असतात. समोरून धिप्पाड माणसें त्यास खालीं पाडण्यासाठीं धांवून येत असतात. तेवढ्या वेळांत आपले गडी कोठें पळत आहेत, त्यांच्यावर कोणाचा पहारा आहे व त्यांतून कोण मोकळा होईल, हें त्यास ओळखावें लागतें. चेंडू दुसऱ्याच्या हातीं द्यावयाचा, स्वतः घेऊन पळावयाचें, कीं दूर फेकावयाचा, हा निर्णय त्याचा. फेकावयाचा तर आपला गडी आतां जेथें आहे तेथें नव्हे, तो जेथें पोहोंचणार आहे तेथें फेकावा लागतो. फेक चुकून प्रतिपक्षानें झेलली तर हातचा चेंडू गेला. दहा जणांचे श्रम याप्रमाणें एकाच्या निर्णयावर अवलंबून असल्यामुळें यशाचें श्रेय त्यास वाजवीपेक्षां अधिक मिळतें, आणि अपयशाचा दोषहि वाजवीपेक्षां अधिकच मिळतो. विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

ही जागा कशी घडत गेली

१८८० सालीं येल कॉलेजच्या वॉल्टर कँप याच्या आग्रहावरून प्रत्येक बाजूचे गडी १५ वरून ११ करण्यांत आले. आणि चेंडूसाठीं होणाऱ्या झोंबाझोंबीऐवजीं, चेंडू एका संघाकडे निश्चितपणें असावा व तो मागें देऊन खेळ सुरू व्हावा, असा नियम झाला. मागें उभ्या राहणाऱ्या गड्यांपैकीं फळीच्या सर्वांत जवळ, जणूं पाव अंतरावर उभा राही तो क्वार्टरबॅक. त्याच्या मागें अर्ध्या अंतरावर 'हाफबॅक', आणि सर्वांच्या मागें 'फुलबॅक'. आरंभीं क्वार्टरबॅकचें काम चेंडू घेऊन तो दुसऱ्याच्या हातीं देणें एवढेंच होतें. चेंडू पुढें फेकण्यास तर बंदीच होती. त्यामुळें दोन्ही संघ एकमेकांवर रेटारेटी करीत आणि त्यांत मुलें जायबंदी होत. कित्येक प्राणासहि मुकलीं. १९०५ सालीं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं मोठ्या कॉलेजांच्या प्रतिनिधींस बोलावून आणून या क्रौर्यास आळा घालण्यास सांगितलें. दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १९०६ सालीं, चेंडू पुढें फेकण्याची परवानगी मिळाली. ज्या फेकीनें पुढें क्वार्टरबॅक हा खेळाचा राजा झाला, ती फेक मुळांत मुलांचे जीव वांचविण्याच्या खटपटींतून नियमांत आली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतरहि नियम बदलतच गेले. धंदेवाईक संघांची मंडळी १९२० सालीं स्थापन झाली व १९२२ सालीं तिला 'नॅशनल फुटबॉल लीग' हें नांव मिळालें. १९३३ सालीं फळीच्या मागें कोठूनहि फेक करण्याची मोकळीक झाली. तत्पूर्वीं फेकणाऱ्यास ५ यार्ड मागें राहावें लागे. १९७८ सालीं फेक झेलणाऱ्या गड्यास ५ यार्डांपलीकडे धक्के देण्यास मनाई झाली, आणि क्वार्टरबॅकचें रक्षण करणाऱ्यांस हात पसरून प्रतिपक्षास थोपविण्याची सवलत मिळाली. १९९४ सालापासून शिरस्त्राणांतील रेडिओद्वारें शिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या कानांत येऊं लागला. हंगामांतील सामनेहि वाढत गेले: १९६० पर्यंत १२, १९६१ पासून १४, १९७८ पासून १६ आणि २०२१ पासून १७. तेव्हां १९४० सालचा क्वार्टरबॅक व २०२० सालचा क्वार्टरबॅक यांस नांव एकच असलें तरी त्यांचें काम एक नव्हे.

उमेदवार कोण कोण ?

या वादांत जीं नांवें वारंवार येतात त्यांची ओळख करून घेऊं.

सॅमी बॉ हा १९३७ ते १९५२ पर्यंत वॉशिंग्टनच्या संघांत खेळला. त्या काळीं एकच गडी हल्ल्यांत व बचावांत दोन्हींकडे खेळे. १९४३ च्या हंगामांत सर्वाधिक सफल फेकी त्याच्या, लाथेनें लांब मारलेल्या चेंडूंची सर्वाधिक सरासरी त्याची, आणि प्रतिपक्षाच्या सर्वाधिक फेकी मधल्या मध्यें झेलल्या त्याहि त्यानेंच. असा त्रिविध पराक्रम पुढें कोणास करणें शक्यच राहिलें नाहीं, कारण दोन्ही बाजूंस खेळण्याची रीतच लवकर बंद पडली.

ऑटो ग्रॅहॅम हा १९४६ ते १९५५ अशीं १० वर्षें क्लीव्हलँडच्या संघाचा क्वार्टरबॅक होता. दहाहि वर्षीं त्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला आणि त्यांपैकीं ७ वेळां जिंकला. पहिलीं ४ अजिंक्यपदें दुसऱ्या एका लीगमधील होतीं, म्हणून टीकाकार तीं हलकीं मानीत. परंतु १९५० सालीं क्लीव्हलँडचा संघ मोठ्या लीगमध्यें आला, पहिल्याच सामन्यांत त्यानें तेथील विजेत्या फिलाडेल्फियास ३५-१० असें हरविलें, आणि त्याच वर्षीं अजिंक्यपदहि पटकाविलें.

जॉनी युनिटस याची कथा विद्यार्थ्यांनीं विशेष वाचावी. १९५५ सालीं पिट्सबर्गच्या संघानें त्यास नवव्या फेरींत, म्हणजे १०२ व्या क्रमांकावर निवडलें, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वींच काढून टाकलें. तो बांधकामावर मजुरी करी आणि एका लहान संघांत सामन्यास ६ डॉलर घेऊन खेळे. पुढच्या वर्षीं बाल्टिमोरनें त्यास बोलाविलें. २८ डिसेंबर १९५८ रोजीं न्यूयॉर्कमध्यें झालेल्या अंतिम सामन्यांत शेवटचीं दोन मिनिटें उरलीं असतां त्याचा संघ ३ गुणांनीं मागें होता, आणि चेंडू आपल्याच १४ यार्डांच्या रेषेवर होता. युनिटसनें एकामागून एक फेकी करीत संघ पुढें नेला. अखेरचे ७ सेकंद उरले असतां बरोबरी झाली, आणि वाढीव वेळांत बाल्टिमोरनें २३-१७ असा विजय मिळविला. हे डाव तो स्वतः ठरवीत असे. कानांत बोलणारें कोणी नव्हतें. १९५६ ते १९६० या काळांत ओळीनें ४७ सामन्यांत त्यानें निदान एक तरी टचडाउनची फेक केली. हा उच्चांक मोडावयास २०१२ साल उजाडलें. त्या वर्षीं ड्रू ब्रीझनें तो मोडला.

बार्ट स्टार यास ग्रीन बेनें १९५६ सालीं १७ व्या फेरींत, २०० व्या क्रमांकावर निवडलें. त्यानें ५ अजिंक्यपदें मिळविलीं. ३१ डिसेंबर १९६७ रोजीं हाडें गोठविणाऱ्या थंडींत डॅलसविरुद्ध १६ सेकंद उरले असतां, दुसऱ्या कोणाच्या हातीं चेंडू न देतां तो स्वतःच फळींत घुसला आणि सामना २१-१७ असा जिंकला.

जो मॉन्टाना हा सॅन फ्रान्सिस्कोचा गडी चार वेळां 'सुपर बोल' या अंतिम सामन्यांत उतरला व चारहि वेळां जिंकला. त्या चार सामन्यांत त्याच्या ११ फेकींवर टचडाउन झाले, आणि १२२ फेकींपैकीं एकहि प्रतिपक्षाच्या हातीं गेली नाहीं. जानेवारी १९८९ मध्यें सिनसिनाटीविरुद्ध तीन मिनिटांहून थोडाच अधिक वेळ उरला असतां त्यानें संघास ९२ यार्ड नेऊन २०-१६ असा विजय मिळवून दिला.

डॅन मॅरिनो यानें १९८४ च्या हंगामांत मायामीसाठीं ५,०८४ यार्डांच्या फेकी व ४८ टचडाउन केले. तत्पूर्वींचा उच्चांक ३६ टचडाउनांचा होता. त्या हंगामाचा सुपर बोल तो मॉन्टानाच्या संघाकडून ३८-१६ असा हरला, आणि पुढें त्यास पुन्हां तेथवर कधींच पोहोंचतां आलें नाहीं.

पेटन मॅनिंगनें लीगमधील सर्वोत्तम गड्याचा मान ५ वेळां मिळविला आणि २०१३ सालीं एका हंगामांत ५५ टचडाउनच्या फेकी केल्या. टॉम ब्रेडीस २००० सालीं १९९ व्या क्रमांकावर निवडण्यांत आलें. २३ हंगामांत तो १० सुपर बोल खेळला आणि त्यांपैकीं ७ जिंकला, ६ न्यू इंग्लंडकडून व १ टँपा बेकडून. फेब्रुवारी २०१७ मध्यें ३-२८ असा मागें असतां त्याचा संघ ३४-२८ असा जिंकला. पॅट्रिक महोम्सनें कॅन्सस सिटीसाठीं २०२०, २०२३ व २०२४ च्या फेब्रुवारींत सुपर बोल जिंकले. २०२१ सालीं तो ब्रेडीच्या संघाकडून आणि २०२५ सालीं फिलाडेल्फियाकडून हरला.

पहिली कसोटी : अजिंक्यपदें

सामान्यतः लोक पहिली कसोटी लावतात ती ही: ज्यानें अधिक अजिंक्यपदें जिंकलीं तो थोर. ही कसोटी सोपी आहे, परंतु तिच्यांत एक दोष आहे. अजिंक्यपद संघ जिंकतो, एकटा गडी जिंकत नाहीं. क्वार्टरबॅक बचावाच्या वेळीं मैदानांत नसतोच. तो बाहेर बांकावर बसलेला असतो. जानेवारी २००१ मध्यें बाल्टिमोरच्या दुसऱ्या एका संघानें सुपर बोल जिंकला, तो मुख्यतः आपल्या अभेद्य बचावाच्या जोरावर. त्या संघाचा क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर यास पुढच्या हंगामासाठीं संघानें ठेवूनहि घेतलें नाहीं. आतां केवळ अजिंक्यपदें मोजलीं तर डिल्फर १ आणि मॅरिनो ०. म्हणून डिल्फर मॅरिनोहून थोर ठरतो. असें म्हणणारा जाणता माणूस आम्हांस तरी भेटलेला नाहीं.

ज्या नियमानें असा भलताच निष्कर्ष निघतो तो नियम एकटा पुरेसा नाहीं, हें उघड आहे. तथापि तो टाकाऊहि नाहीं. एकदां जिंकणें हें दैवाचें किंवा सोबत्यांचें देणें असूं शकेल. दहा वर्षांत दहा अंतिम सामने, किंवा एकोणीस वर्षांच्या अंतरानें पहिलें व शेवटचें अजिंक्यपद, हें केवळ दैवाचें काम नव्हे. म्हणून अजिंक्यपदांची संख्या हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

दुसरी कसोटी : आंकडे

दुसरे लोक म्हणतात, आंकडे पाहा. १९७३ सालापासून लीगनें क्वार्टरबॅकच्या फेकींस गुण देण्याची एक रीत स्वीकारली आहे. गणिताच्या विद्यार्थ्यांस ती सहज समजेल. चार संख्या काढावयाच्या. पहिली: सफल फेकींस एकूण फेकींनीं भागून त्यांतून ०.३ वजा करावे व ५ नें गुणावें. दुसरी: मिळालेल्या यार्डांस एकूण फेकींनीं भागून ३ वजा करावे व ०.२५ नें गुणावें. तिसरी: टचडाउनांस एकूण फेकींनीं भागून २० नें गुणावें. चौथी: प्रतिपक्षानें झेललेल्या फेकींस एकूण फेकींनीं भागून २५ नें गुणावें व तें २.३७५ मधून वजा करावें. यांपैकीं कोणतीहि संख्या शून्याहून कमी किंवा २.३७५ हून अधिक धरावयाची नाहीं. चौघींची बेरीज करून ६ नें भागावें व १०० नें गुणावें. पूर्ण गुण १५८.३ होतात.

उदाहरणार्थ, एका गड्यानें ३० फेकी केल्या, २० सफल झाल्या, २४० यार्ड मिळाले, २ टचडाउन झाले व १ फेक प्रतिपक्षानें झेलली असें समजा. चार संख्या अनुक्रमें १.८३३, १.२५, १.३३३ व १.५४२ येतात, बेरीज ५.९५८, गुण ९९.३. आतां दुसरें उदाहरण पाहा. एखाद्यानें तीसहि फेकी मुद्दाम जमिनीवर आपटल्या, तर पहिल्या तीन संख्या शून्य; परंतु प्रतिपक्षानें एकहि झेलली नाहीं म्हणून चौथी पूर्ण २.३७५, आणि त्यास ३९.६ गुण मिळतात ! ज्या परीक्षेंत कोरी उत्तरपत्रिका देणाऱ्यास ३९.६ गुण मिळतात, तिच्या गुणांवर किती भरंवसा ठेवावा, हें विद्यार्थ्यांनींच ठरवावें.

याहून मोठी अडचण काळाची आहे. या रीतीनें युनिटसच्या साऱ्या कारकीर्दीचे गुण ७८.२ येतात आणि ब्रेडीचे ९७.२. युनिटसच्या २९० फेकींवर टचडाउन झाले आणि २५३ प्रतिपक्षानें झेलल्या. ब्रेडीचे हेच आंकडे ६४९ व २१२ आहेत. यावरून युनिटस अगदींच सामान्य होता असें वाटेल. पण युनिटसच्या काळीं झेलणाऱ्या गड्यास साऱ्या मैदानभर धक्के देतां येत, आणि हंगामांत सामने १२ किंवा १४ असत. १९५९ सालीं त्यानें १२ सामन्यांत ३२ टचडाउन केले, म्हणजे सामन्यास सुमारें २.७. मॅनिंगनें २०१३ सालीं १६ सामन्यांत ५५ केले, म्हणजे सुमारें ३.४. एकूण आंकडे पाहतां ३२ व ५५ यांत जें अंतर दिसतें, तें सामन्यागणिक पाहिल्यावर बरेंच कमी होतें. आणि १९७८ च्या नियमांची सवलत विचारांत घेतली तर तें आणखी आटतें. यावरून एक सूत्र निघतें: गड्याची तुलना प्रथम त्याच्या समकालीनांशीं करावी, मग दुसऱ्या काळांतील गड्याशीं.

तिसरी कसोटी : गडी काढून पाहणें

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत एखाद्या द्रव्याचा परिणाम पाहावयाचा असेल तर तेंच तेवढें काढून घेऊन बाकी सर्व तसेंच ठेवतात. खेळांत असा प्रयोग कोणी मुद्दाम करीत नाहीं, परंतु दुखापती व बदल्या यांमुळें तो कधीं कधीं आपोआप घडतो.

१९६८ सालीं युनिटस हातानें जायबंदी झाला व त्याच्या जागीं अर्ल मोरल खेळला. बाल्टिमोरनें त्या हंगामांत १३ सामने जिंकले व १ हरला. मोरल लीगमधील सर्वोत्तम गडी ठरला. म्हणजे त्या यशांत संघाचाहि वांटा मोठा होता. २००८ सालीं ब्रेडी पहिल्याच सामन्यांत जायबंदी झाला. न्यू इंग्लंडनें मॅट कॅसलच्या हातीं धुरा देऊनहि १६ पैकीं ११ सामने जिंकले. उलट २०११ सालीं मॅनिंग संपूर्ण हंगाम बाहेर होता. आदल्या वर्षीं १० सामने जिंकणारा इंडियानापोलिसचा तोच संघ त्या वर्षीं अवघे २ जिंकला व १४ हरला. एवढ्यावरच थांबलें तर मॅनिंग सर्वांत मोलाचा ठरतो.

परंतु पुराव्याचें एक पान वाचून पुस्तक मिटूं नये. २०२० सालीं ब्रेडी न्यू इंग्लंड सोडून टँपा बेच्या संघांत गेला. आदल्या वर्षीं टँपा बेनें १६ पैकीं ७ सामने जिंकले होते. ब्रेडी आल्यावर त्याच हंगामांत त्यांनीं सुपर बोल जिंकला. त्या वेळीं त्याचें वय ४३ वर्षांचें होतें. इकडे न्यू इंग्लंडनें, जेथें आदल्या वर्षीं १२ विजय मिळाले होते, तेथें ७ च मिळविले. २००८ चा प्रयोग एक सांगतो आणि २०२० चा दुसरेंच सांगतो. असें झाल्यास आपल्या मतास सोईचा प्रयोग उचलून दुसरा लपवूं नये. दोन्ही मांडावे, हाच प्रामाणिक वादाचा धर्म.

ज्यांस संधीच मिळाली नाहीं

आतां एका अशा मुद्द्याकडे येतों कीं, जो वादांत बहुधा विसरला जातो. आपण थोर गड्यांची यादी करतों ती ज्यांस खेळूं दिलें त्यांचीच असते. १९३४ पासून १९४५ पर्यंत नॅशनल फुटबॉल लीगच्या मैदानांत एकहि कृष्णवर्णी गडी नव्हता. १९४६ सालीं केनी वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड यांस घेतल्यावर हें दार उघडलें. परंतु क्वार्टरबॅकच्या जागेचें दार पुढें पुष्कळ वर्षें बंदच राहिलें. ही जागा बुद्धीची व नेतृत्वाची, आणि तीं कृष्णवर्णी माणसाच्या अंगीं नसतात, असा दुष्ट समज रूढ होता. कॉलेजांत उत्तम क्वार्टरबॅक असलेल्या मुलांस धंदेवाईक संघ दुसऱ्या जागीं खेळावयास लावीत. मार्लिन ब्रिस्को यानें १९६८ सालीं डेनव्हरसाठीं क्वार्टरबॅक म्हणून १४ टचडाउनच्या फेकी केल्या. पुढच्याच वर्षीं त्यास दुसऱ्या संघांत जाऊन फेकी झेलण्याचें काम पत्करावें लागलें.

वॉरन मून यानें जानेवारी १९७८ मध्यें रोझ बोल या प्रसिद्ध सामन्यांत आपल्या कॉलेजास विजय मिळवून दिला. तरी त्या वर्षींच्या निवडींत एकाहि संघानें त्याचें नांव घेतलें नाहीं. तो कॅनडांत गेला, तेथें एडमंटनच्या संघाबरोबर ओळीनें ५ अजिंक्यपदें जिंकला, आणि १९८४ सालीं मग अमेरिकेंत परत आला. पुढें २००६ सालीं त्यास खेळाच्या कीर्तिमंदिरांत स्थान मिळालें. जानेवारी १९८८ मध्यें डग विल्यम्सनें सुपर बोलच्या एकाच पंधरा मिनिटांच्या भागांत ४ टचडाउनच्या फेकी करून वॉशिंग्टनला ४२-१० असा विजय मिळवून दिला. सुपर बोल जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णी क्वार्टरबॅक. आणि फेब्रुवारी २०२३ मध्यें महोम्स व जेलन हर्ट्झ यांच्या रूपानें दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णी असलेला पहिला सुपर बोल झाला.

मूनच्या आंकड्यांत जीं सहा वर्षें दिसत नाहींत तीं त्याच्या दुबळेपणाचीं नव्हत. आणि ज्यांनीं आरंभींच नकार ऐकून चेंडू खालीं ठेवला, त्यांचीं तर नांवेंहि आपणांस ठाऊक नाहींत. म्हणून 'सर्वांत थोर' असें म्हणतांना 'ज्यांस संधी मिळाली त्यांमध्यें' हे शब्द मनांत तरी जोडले पाहिजेत. ज्या शर्यतींत कांहीं मुलांस धांवूंच दिलें नाहीं, तींत पहिला आलेला मुलगा कदाचित् खरोखरच सर्वांत वेगवान असेल. परंतु तें त्या शर्यतीवरून सिद्ध होत नाहीं.

आमचा कौल

एवढें पाहिल्यावर ध्यानांत येईल कीं, आपण ज्यास एक प्रश्न समजत होतों ते वस्तुतः तीन आहेत. आपल्या समकालीनांच्या सर्वांत पुढें कोण होता ? ही जागा कोणामुळें बदलली ? आणि साऱ्या कारकीर्दीचा हिशेब करतां सर्वांत अधिक कोणी मिळविलें ? पहिल्याचें उत्तर आम्ही ऑटो ग्रॅहॅम असें देऊं. दहा वर्षांत एकदांहि अंतिम सामना न चुकविणें हें दुसऱ्या कोणास साधलेलें नाहीं. दुसऱ्याचें उत्तर जॉनी युनिटस. घड्याळाशीं झुंजत शेवटच्या दोन मिनिटांत संघ पुढें नेण्याची जी कला आज प्रत्येक क्वार्टरबॅककडून अपेक्षिली जाते, तिचा नमुना साऱ्या देशापुढें त्यानें ठेवला. तिसऱ्याचें उत्तर टॉम ब्रेडी. त्याचा काळ फेकीस अनुकूल होता हें खरें, तथापि त्याच काळांतील इतरांसहि ती सवलत होतीच, आणि दुसऱ्या संघांत जाऊनहि तो जिंकला. एकच नांव घ्या असा कोणी आग्रह धरील तर आम्ही ब्रेडीचें घेऊं. परंतु ज्या विद्यार्थ्यानें युनिटसचें किंवा मॉन्टानाचें नांव सकारण सांगितलें त्यासहि आम्ही पूर्ण गुण देऊं. महोम्सविषयीं त्याची कारकीर्द पुरी होईपर्यंत थांबणें बरें.

या कीर्तीची किंमतहि विसरूं नये. ज्या उजव्या हातानें युनिटसनें ४०,००० हून अधिक यार्डांच्या फेकी केल्या, त्या हातास झालेल्या दुखापतीमुळें उतारवयांत त्याचा त्या हातावर फारसा ताबा राहिला नव्हता. प्रेक्षक आंकडे लिहून ठेवतात. शरीर आपला हिशेब निराळा ठेवतें.

पालकांस एक विनंति. ब्रेडीच्या आधीं १९८, स्टारच्या आधीं १९९ आणि युनिटसच्या आधीं १०१ तरुणांचीं नांवें घेतलीं गेलीं, आणि तीं घेणारे या विद्येंत मुरलेले लोक होते. मूनचें तर नांवच कोणी घेतलें नाहीं. विशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुणाविषयीं जाणत्यांचा अंदाज इतका चुकतो, तर बारा-चौदा वर्षांच्या मुलाविषयीं एका परीक्षेच्या गुणांवरून कायमचा निकाल देणें कितपत योग्य आहे, याचा विचार व्हावा. शेजारच्या मुलाशीं आपल्या मुलाची तुलना करण्यापूर्वीं दोघांस सारखी संधी, सारखा वेळ व सारखी जागा मिळाली होती काय, हेंहि पाहावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एका गड्यानें २५ फेकी केल्या, १५ सफल, २०० यार्ड, १ टचडाउन, व १ फेक प्रतिपक्षानें झेलली. त्याचे गुण काढा. (उत्तर : ८२.१)

२. जास्तींत जास्त गुण १५८.३ च कां येतात, तें दाखवा.

३. 'अधिक अजिंक्यपदें मिळविणारा तो थोर' या विधानाच्या बाजूनें एक व विरुद्ध एक उदाहरण या लेखाबाहेरील, तुमच्या आवडीच्या खेळांतून द्या.

४. २००८ व २०२० सालच्या गोष्टी परस्परविरोधी दिसतात. दोन्ही एकाच वेळीं खऱ्या कशा असूं शकतील ? दहा ओळी लिहा.

५. वर्गांत दोन पक्ष करून युनिटस व ब्रेडी यांवर वाद करा. अट एकच: बोलण्यास आरंभ करण्यापूर्वीं प्रत्येकानें प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा, त्याचें समाधान होईल अशा रीतीनें, स्वतः सांगावा.